नाटकाला नटून जाणं

मागच्या डिसेंबरात एका मैत्रिणीनं मला एका कार्यक्रमपत्रिकेचा फोटो पाठवला. बेंगळुरूतल्या एका सभागृहात ऑपेरातली गाजलेली गाणी, दोन परदेशी गायक, साथीला पियानो. वर ठळक अक्षरांत ‘गाला नाईट’ आणि खाली बारीक अक्षरांत पोशाखाविषयी सूचना: औपचारिक किंवा भारतीय पारंपरिक. मैत्रीण कन्नडमध्ये कथा लिहिते. ऑपेरा तिनं फक्त सिनेमात पाहिलेला. तिचे प्रश्न दोनच होते. तिकीट कितीचं काढायचं, आणि घालायचं काय? खाली तिनं आणखी लिहिलं होतं, ‘तुमच्या मराठीत शंभर वर्षांपूर्वीच ऑपेरा होता म्हणतेस ना, मग तूच सांग.’

त्या दिवसांत मी ‘संगीत मानापमान’मधल्या काही प्रवेशांचं इंग्रजी भाषांतर करत होते आणि नेमकी कपड्यांपाशीच अडले होते. वेश, पोशाख, पेहराव, वस्त्रं, सोंग. मराठीत या प्रत्येक शब्दाची पायरी वेगळी. इंग्रजीत दोन-तीन शब्दांवर भागवावं लागतं, आणि त्यातला कुठला शब्द निवडला यावर सबंध प्रवेशाचा अर्थ फिरतो. त्यामुळे मैत्रिणीचा प्रश्न थट्टेतला असला तरी मला लागलीच उत्तर देता आलं नाही.

‘गाला’ या शब्दाचं मराठी काय करायचं, इथपासूनच अडचण आहे. ‘उत्सवी रात्र’ म्हटलं की डोळ्यांपुढे गणपतीची रोषणाई येते. स्पॅनिश आणि इटालियन भाषांत या शब्दाला समारंभाइतकाच समारंभाच्या पोशाखाचाही अर्थ आहे. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या मौजमजेच्या एका शब्दात दाखवतात. काही जणांनी ते अरबी ‘खिलअत’शीही जोडलं आहे, पण ते सगळ्यांना मान्य नाही. व्युत्पत्ती टिको न टिको, मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. खिलत आपल्या जुन्या कागदपत्रांतून ओळखीची आहे: दरबारानं दिलेली मानाची वस्त्रं. पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळत, म्हणजे पद आणि कापड एकाच ताटातून येई. लग्नातला मानपान आजही बराचसा साड्यांच्या भाषेत चालतो. आणि पत्रिकेवरच्या त्या सूचनेसाठी आपल्याकडे एक फर्मास शब्द आहे, ‘जामानिमा’. जामा आणि निमा ही दोन्ही मुळात वस्त्रांचीच नावं.

पण सगळ्यांत उपयोगी पडलं ते एक साधं क्रियापद. मराठीत आरशासमोर उभं राहून दागिने घालणारी बाई ‘नटते’. नट, नटी आणि नाटक हे त्याच घरातले शब्द. नाटकाला नटून जाणं या तीन शब्दांत प्रेक्षक आणि नट यांच्यातला पडदा मराठीनं आधीच अर्धा वर केलेला आहे. समीक्षा मात्र सहसा तो पूर्ण वर गेल्यानंतरच सुरू होते. संहिता, चाली, गायकी, अभिनय यांवर आपण लिहितो. कोणी कितीचं तिकीट काढलं आणि कोण काय नेसून आलं, हे आठवणींच्या पुस्तकांकडे सोपवून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की संगीत नाटकाच्या बाबतीत हे सोपवणं चूक आहे, आणि ‘मानापमान’च्या बाबतीत तर फारच मोठी चूक. कारण तिकीट आणि कपडा हाच त्या नाटकाचा विषय आहे.

कथा थोडक्यात आठवून पाहू. धैर्यधर हा पराक्रमी सेनापती, पण गरीब. श्रीमंत घरातली भामिनी त्याच्या गरिबीवरून त्याचा अपमान करते. तिच्यासमोर दुसरं स्थळ आहे लक्ष्मीधराचं. तो नखशिखान्त दागिन्यांनी मढलेला आणि तितकाच भित्रा. पुढे भामिनी साध्या मुलीच्या वेशात, वनमाला होऊन, धैर्यधराच्या छावणीवर जाते आणि ज्याला तिनं झिडकारलं त्याच्याच प्रेमात पडते. धैर्यधराला पैसा नसल्यामुळे अपमान सोसावा लागतो, लक्ष्मीधराला पैसा असल्यामुळे मान मिळतो, आणि भामिनीला खरं काय ते दिसतं ते अंगावरचा ऐवज उतरवल्यावर. सारा मामला अंगावर काय आहे याचा.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या तालमीतले. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारनं १९१० मध्ये बंदी घातली. त्यानंतर १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं, किर्लोस्कर नाटक मंडळीकडून. भामिनी होते बालगंधर्व. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, त्यांतल्या कित्येक ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या. म्हणजे ज्या गाण्याच्या दिवाणखान्यात पांढरपेशा घरातली बाई पाऊलही टाकू शकत नव्हती, तिथलं गाणं नाटकाचा वेश घेऊन तिच्यासमोर आलं. चालीसुद्धा वनमाला होऊन आल्या, असं म्हणायला हरकत नाही. याच वर्षी, याच मुंबईत, पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन झालं. इमारतीचं काम तेव्हा पुरं व्हायचं होतं.

आता १० वर्षं पुढे जाऊ. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. ‘संयुक्त मानापमान’. बालगंधर्व आता स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीचे मालक. समोर केशवराव भोसले, ‘ललितकलादर्श’चे मालक. एक भामिनी, एक धैर्यधर. दोघे प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे. प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढच्या रांगांचं तिकीट शंभर रुपयांवर गेलं होतं, ही गोष्ट मराठी घरांत नाटकाचा विषय निघाला की आजही कोणीतरी सांगतंच. मराठी रंगभूमीला ‘गाला नाईट’ दाखवायची झाली तर ती हीच.

या रात्रीबद्दल दोन प्रकारे लिहिलं जातं. एक गहिवरून. दोन सूर्य एका आकाशात, तशी गर्दी पुन्हा होणे नाही, वगैरे. दुसरं नाक मुरडून. संगीत नाटक म्हणजे भरजरी शालू, अत्तराचे फवारे, गालिचे आणि डोक्यावर कर्ज, आणि ही रात्र त्या थाटाचा कळस. पहिल्या लिखाणात समीक्षा नसते. दुसऱ्यात असते, पण ती नाटक न वाचता केलेली.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. बालगंधर्वांना रंगमंचावर खोटं काही चालत नसे. साड्या खऱ्या, रेशीम खरं. सभागृहात अत्तराचा घमघमाट. या हौसेपायी मंडळीवर झालेलं कर्ज हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातला एक कायमचा दुखरा कोपरा आहे. त्यांनी ज्या पद्धतीनं पातळ नेसलं, केसांत फुलं माळली, तशी शहरातल्या बायका नेसू-माळू लागल्या. एका पुरुषानं बाईसारखं दिसण्यासाठी जे निवडलं, ते पाहून बायकांनी बाईसारखं दिसणं नव्यानं शिकलं. म्हणजे प्रेक्षागृहात बसलेली बाई रंगमंचावरच्या भामिनीसारखी नटलेली, आणि भामिनी मात्र नाटकाच्या मध्यावर ते सगळं उतरवून वनमाला झालेली. हा पेच कोणी मुद्दाम घडवला नव्हता. त्या प्रयोगाचा अर्थ मात्र याच पेचात आहे.

त्या रात्री शंभराचं तिकीट काढून पुढे बसलेल्या माणसाची जागा घेऊन पाहा. एरवी पुढची रांग म्हणजे मान. पैसा टाकला, मान विकत घेतला, लक्ष्मीधराची रीत पाळली. त्याच्यासमोर जे नाटक चालू आहे ते तीन-चार तास त्याची टर उडवतं. आणि तो टाळ्या देतो, वन्समोअर मागतो. तो मूर्ख आहे का? मला तसं वाटत नाही. त्या रात्री तिकिटाचा अर्थ बदललेला आहे. पैसे फंडात जाणार आहेत. अंगावर घातलेला पैसा नाटकात हास्यास्पद ठरतो. फंडात टाकलेल्या पैशाला त्या रात्रीनं एक सभ्य वाट काढून दिली. लक्ष्मीधराला प्रेक्षागृहातून अब्रूनं बाहेर पडायचा तो एक दरवाजा होता. संहितेत असा दरवाजा नाही. तो तिकीट खिडकीनं उघडला. म्हणून म्हणते की तिकीट खिडकी हा त्या प्रयोगाचा भाग आहे, आणि दर लिहिलेला फलक हे त्याचं एक पान.

पण हाच दरवाजा नाटकाची मर्यादाही दाखवतो. ‘मानापमान’मध्ये गरिबीचा गौरव आहे, पण गरीब माणूस जवळजवळ नाही. धैर्यधर गरीब असला तरी सेनापती आहे. त्याचा अपमान होतो तो त्याच्या पराक्रमाला शोभत नाही म्हणून. पराक्रम नसता तर तो अपमान योग्य ठरला असता का, हा प्रश्न नाटक विचारत नाही. आणि वनमाला तर मुळात अस्तित्वातच नाही. साधी वस्त्रं हा भामिनीचा वेश आहे. तिच्या घरी पेटी आहे, पेटीत दागिने आहेत, आणि ती केव्हाही परत जाऊन ते घालू शकते. गरिबी तिला डोळे देते, पण तिच्या अंगाला चिकटत नाही. बालगंधर्वांच्या हौशी रेशमापेक्षा मला ही गोष्ट अधिक खटकते. थाटामाटावरचा आक्षेप पेहरावावरच थांबतो. पेच त्याच्या खाली, संहितेत आहे.

हे माझं आजचं चोखंदळपण नव्हे. कपडा उतरवणं हा वेश आहे की निर्णय, हा प्रश्न त्या वर्षी खुद्द मुंबईच्या रस्त्यावर आला होता. ‘संयुक्त मानापमान’नंतर २३ दिवसांनी, ३१ जुलैला, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळच्या गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्यानंतर २२ सप्टेंबरला मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून गुडघ्यापर्यंतचं धोतर तेवढं ठेवलं. मराठीत आपण त्याला ‘पंचा’ म्हणतो. ४ ऑक्टोबरला केशवराव भोसले गेले, वयाच्या ३१ व्या वर्षी. तीन महिन्यांत ती रात्र परत न घडणारी होऊन बसली.

नाटकामुळे होळी झाली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण त्याच शहरातले, बहुधा काही तेच लोक, २३ दिवसांच्या अंतरानं दोन ठिकाणी कपड्याचा अर्थ लावत होते. बालीवालात नटून जाऊन आणि परळला कपडे देऊन. पहिल्या ठिकाणी दागिने उतरवणं हा गोष्टीतला एक टप्पा होता, शेवटी सगळं जागच्या जागी येणार होतं. दुसऱ्या ठिकाणी आगीत गेलेलं कापड परत येणार नव्हतं. मदुराईचा पंचा तर त्या माणसानं मरेपर्यंत अंगावरून उतरवला नाही. वनमालेनं परत भामिनी व्हायला नकार दिला तर काय होईल, याचं उत्तर रंगभूमीनं दिलं नाही. ते तिच्याबाहेर मिळालं.

इथे तुलनेला युरोपात जाणं भाग आहे, कारण संगीत नाटकाला ऑपेरा म्हणायचं तर ऑपेराची भांडणंही आपली मानायला हवीत. खरं तर संगीत नाटक गद्य संवाद आणि पदं यांवर चालतं. शास्त्रापुरतं त्याचं सख्खं नातं मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’सारख्या जर्मन ‘झिंगश्पील’शी आहे, आरंभापासून अखेरपर्यंत गायल्या जाणाऱ्या इटालियन ऑपेराशी नाही. पण प्रेक्षागृहापुरतं ते नक्कीच मिलानच्या ला स्कालाच्या गोत्रातलं. तिथला हंगाम ७ डिसेंबरला, शहराचा रक्षणकर्ता संत अँब्रोज याच्या सणाला, सुरू होतो. ती जगातली बहुधा सर्वांत महागडी नाटकी रात्र. १९६८ साली याच रात्री आंदोलक विद्यार्थ्यांनी दारात उभं राहून फरचे कोट घालून येणाऱ्यांवर अंडी फेकली. म्हणजे मिलानमधली समीक्षाही प्रयोगाआधी, पायऱ्यांवरच सुरू झाली होती, आणि तिचं लक्ष्य कपडे होते.

त्याच इमारतीतली दुसरी गोष्ट २००६ च्या डिसेंबरातली. ‘आइडा’चा प्रयोग. सुरुवातीचं गाणं संपताच वरच्या स्वस्त गॅलरीतून हुर्यो उठली आणि राडामेसची भूमिका करणारा प्रसिद्ध गायक रोबेर्तो आलान्या रंगमंच सोडून चालता झाला. प्रयोग थांबू नये म्हणून बदली गायक अंतोनेल्लो पालोम्बी आहे त्या कपड्यांत आत आला. सोनेरी इजिप्तच्या मधोमध जीन्स घातलेला सेनापती! गाणं चालू राहिलं. धैर्यधर तो हाच, असं मला ती बातमी वाचताना वाटलं होतं. सेनापतीला सेनापती करायला त्याच्या अंगावरचं काहीच लागत नाही, गळा लागतो.

या दोन गोष्टींत मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी, आणि ती त्या गॅलरीमुळे. अंडी फेकणारे बाहेर होते. हुर्यो करणारे सर्वांत कमी पैशांचं तिकीट काढून आत होते, आणि आत असल्यामुळे त्यांना निवाड्याचा हक्क होता. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्यानं पाहायची स्वस्त तिकिटं असतात. कठड्याला मफलर बांधून लोक आपली जागा राखतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे ही जागा पिटाची. ‘पिटातला प्रेक्षक’ हे आपण हलक्या अभिरुचीचं नाव करून ठेवलं, पण वन्समोअर हा त्याचाच हक्क होता. युरोपात कुणी ‘बिस’ म्हणतं, कुणी ‘आँकोर’. मराठी पिटानं सरळ इंग्रजी शब्द उचलला आणि असा वापरला की आता तो इंग्रजांनाही परका वाटेल. शंभराच्या रांगेला पुढे बसण्याचा मान होता. पद पुन्हा गायचं की नाही हे ठरवण्यात मात्र मागच्यांचा आवाजही तितकाच मोठा. प्रेक्षागृहाची ही दोन माणसं एकाच छताखाली असणं, हा माझ्या मते संगीत नाटकाच्या सौंदर्याचा एक खांब आहे. संहिता आणि संगीत हे बाकीचे.

हे सगळं बेंगळुरूत बसून लिहायला कारण आहे. या परंपरेची कितीतरी मुळं आजच्या कर्नाटकात आहेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ करून ही वाट पाडणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ साली हुबळीत स्थापन झाली. आणि बेंगळुरूला ब्रिगेड रोडवर इंग्रजांच्या काळातलं एक ऑपेरा हाऊस आहे. पुढे ते सिनेमागृह झालं, मग वर्षानुवर्षं बंद होतं, आणि २०१८ पासून तिथे सॅमसंगचं दालन आहे. आत जायला तिकीट लागत नाही. जयनगर-जे. पी. नगरच्या बाजूला ‘रंग शंकरा’ आहे. तिथे माझे कपडे कोणी पाहत नाही, घड्याळ मात्र पाहतात. प्रयोग सुरू झाला की उशिरा आलेल्याला प्रवेश नाही, मग तो कोणी का असेना. मला हा नियम आवडतो. तो सगळ्यांना सारखा कडक आहे, आणि पुढच्या वेळी लवकर निघून तो पाळता येतो.

दुसरं दारही याच शहरात आहे. २०२४ च्या जुलैत मागडी रोडवरच्या एका मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातून आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला सुरक्षारक्षकानं दारात अडवलं. तो मुलासोबत तिथल्या मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा पाहायला आला होता. तिकिटं काढलेली होती. अडवण्याचं कारण अंगावरचं धोतर. बातमी झाली, मोर्चे झाले, सरकारनं मॉल आठवडाभर बंद ठेवायला लावला. हावेरी हुबळीपासून फार लांब नाही. ज्या मुलखातून आमच्या रंगभूमीला तिचा धैर्यधर मिळाला, त्याच मुलखातला हा माणूस.

कन्नड वर्तमानपत्रांत त्या धोतरासाठी ‘पंचे’ हा शब्द होता. कन्नडमध्ये पंचे म्हणजे नेसायचं पूर्ण धोतर, घरी, देवळात, लग्नात चालणारं. मराठीत पंचा म्हणजे अंग पुसायचं आखूड कापड, किंवा मग गांधीजींचा. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘पंचा नेसलेला म्हातारा’ उभा राहिला की त्या माणसाचा कपडा आपोआप आखूड होतो आणि त्याला एक महात्मेपणही चिकटतं. दोन्ही त्याच्यावर अन्यायच. तो काही सांगायला पंचे नेसला नव्हता. त्यानं काही उतरवलं नव्हतं, कसलाही त्याग केला नव्हता. तो सिनेमाला निघाला होता आणि बहुधा त्यातल्या त्यात चांगलं धोतर नेसला होता. म्हणजे आपल्या परीनं तो नटूनच आला होता.

‘मानापमान’ ज्या माणसाला रंगमंचावर आणत नाही तो हा. त्याच्या कपड्याला वेश म्हणता येत नाही, सोंग म्हणता येत नाही. त्याची भामिनी होण्याची सोय नाही, आणि सेनापती नसल्यामुळे शेवटच्या अंकात त्याचा मान परत करण्याची जबाबदारी कोणा नाटककारावर नाही. त्याच्यापाशी एकच गोष्ट होती, तिकीट. १९२१ च्या पिटात एवढं पुरेसं होतं: तिकीट असलं की कपडा विचारायचा नाही, आणि आत गेल्यावर ओरडायचा हक्क. मॉलच्या दारानं तो करार मोडला. म्हणून पोशाखाच्या सूचनांकडे पाहताना मला पडणारा प्रश्न ‘नटावं की नटू नये’ हा नाही. नटणं ही माणसाची जुनी हौस आहे. तिला नावं ठेवणारी समीक्षा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या, त्यातही बाईच्या, आनंदावर राग काढत असते. प्रश्न हा आहे की दारातला माणूस काय वाचतो, तिकीट की कापड. पहिलं वाचणारं नाट्यगृह कितीही भरजरी असो, ते आपलं. दुसरं वाचणारं कितीही साधं असो, तिथे लक्ष्मीधराचंच राज्य.

मैत्रिणीला मी एवढं सगळं लिहिलं नाही. बाल्कनीची दोन तिकिटं काढ, म्हटलं, आणि तुला जे नेसून छान वाटेल ते नेस. ती मैसूर सिल्क नेसून आली. मी इरकल नेसले. ती कर्नाटकातल्या इळकलची आणि मराठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली मानलेली, तेव्हा ‘भारतीय पारंपरिक’मध्ये ती कुणाच्या परंपरेतून बसते हे विचारायची सोय नव्हती. दारातल्या मुलानं फोनवरचा कोड स्कॅन केला. आमच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या रांगांत काळे सूट, कांजीवरम्, एक-दोन लांब गाऊन. बाल्कनीत आमच्या मागे संगीत शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका, कॉलेजच्याच कपड्यांत, बहुतेक जीन्समध्ये. एका उंच स्वरावर गाणं थांबलं तेव्हा त्यांच्यातला एकजण न राहवून ‘वन्स मोअर’ ओरडला. खालच्या काही माना वळून वर आल्या. गायिकेनंही वर पाहिलं, हसली, आणि पियानोवाल्याकडे वळून तिनं शेवटचा भाग पुन्हा घेतला.

घरी आल्यावर भाषांतराची फाईल उघडली. भामिनी छावणीवर जायला निघते तिथे, तिच्या अंगावरच्या वस्त्रांसाठी, मी ‘साधे कपडे’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले होते. वाचायला गोड होते. ते खोडले आणि नट अंगावर चढवतो त्या कपड्यांचा शब्द लिहिला. साधे कपडे हे शब्द ज्याच्याकडे तेवढेच आहेत त्याच्यासाठी ठेवायला हवेत, असं वाटलं.